मामांच्या ट्रंकेतला तोफखाना : अस्सल काय, नक्कल काय आणि किंमत कशी ठरवायची?

मीनल_ठाणे

नमस्कार मंडळी. माझे थोरले मामा मर्चंट नेव्हीत होते. साठच्या दशकात लिव्हरपूल, लंडन अशा बंदरांतून खेळणी आणायचे आणि भाचरांना लांबूनच दाखवायचे. त्यांचं डोंबिवलीचं घर रिकामं केलं तेव्हा ती ट्रंक माझ्याकडे आली. जुन्या पेपरांत गुंडाळलेला ऐवज असा :

- बुटका हिरवा ट्रक, त्याच्या मागे अडकवायची दोन चाकी पेटी, पेटीच्या मागे तोफ. तिन्हींच्या तळाशी 'डिंकी टॉईज, मेड इन इंग्लंड'.
- सेंच्युरियन रणगाडा, तोही डिंकीचाच. एका बाजूचा रबरी पट्टा तुटलाय, दुसरा वाळून कडक झालाय.
- रणगाडा वाहून नेणारी लांबलचक गाडी. हिचा खोका आहे, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, एक झडप फाटलेली.
- चार घोडेस्वार. वजनावरून शिशाचे वाटतात. पिवळे अंगरखे, डोक्याला फेटे. एकाचं मुंडकं डुगडुगतं, दोघांचे उजवे हातच नाहीत. घोड्यांच्या खुरांवर पांढरी भुकटी धरली आहे.
- एक जग्वार मोटार, हिच्या तळाशी मात्र 'मेड इन इंडिया'!

आई म्हणते, चिंच आणि पितांबरी लावून लख्ख घास आणि शोकेसमध्ये मांड. भाऊ म्हणतो, नेटवर कुणीतरी असाच रणगाडा चाळीस हजारांना लावलाय, विकून मोकळी हो. मला यातलं ओ की ठो कळत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

खेळगडी

मीनलताई, आधी ती चिंच खाली ठेवा!

घासायचं नाही, धुवायचं नाही, पॉलिश नाही, फेविक्विक तर अजिबात नाही. मऊ कोरड्या ब्रशने वरची धूळ झटकली तर चालेल, तीही फक्त डिंकीच्या गाड्यांवरची. घोडेस्वारांना तूर्त हातच लावू नका. त्या भुकटीबद्दल आपले लेस्टरकर सविस्तर सांगतील.

आता ट्रक-पेटी-तोफ. डिंकी म्हणजे इंग्लंडातली धातूच्या खेळण्यातल्या गाड्यांची छाप. हा डिंकीचा ६९७ नंबरचा संच : ६८८ ट्रॅक्टर, ६८७ पेटी आणि ६८६ पंचवीस पौंडी तोफ. १९५७ ला आला आणि पुढे बरीच वर्षं विकला गेला. इंग्लंडात त्या पिढीतल्या प्रत्येक दुसऱ्या पोराकडे हा होता असं म्हणतात, त्यामुळे सुटा संच दुर्मिळ नाही. सेंच्युरियन ६५१ नंबरचा, १९५४ चा. लांब गाडी म्हणजे ६६०, थॉर्निक्रॉफ्ट मायटी अँटार, १९५६. रणगाडा आणि गाडी एका खोक्यात घालूनही विकायचे, तो संच ६९८. तुमच्या खोक्यावर कोणता आकडा आहे ते बघा, त्यावर बरंच काही ठरेल.

तळाचा पत्रा वाचायची सवय लावून घ्या. नाव, नंबर, देश सगळं तिथे असतं. लोहचुंबक लावलात तर पत्र्याचा तळ चिकटेल आणि वरचं अंग चिकटणार नाही, कारण ते जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव असतं. अंगालाही चुंबक चिकटला तर वस्तू डिंकीची नव्हेच.

जग्वारचा तळ आणि बाजू असे दोन फोटो टाका. माझा अंदाज खरा ठरला तर ट्रंकेतली सगळ्यात गमतीची वस्तू तीच आहे.

---

रंगारी

छान ऐवज आहे. पण खेळगडी, तुम्ही नेहमीप्रमाणे सगळं देव्हाऱ्यात बसवून टाकताय. त्या सेंच्युरियनचे पट्टे गेलेत, रंग उडाला असणारच. जुना रंग उतरवून नव्याने रंगवायला काय हरकत आहे? आपल्या पूना हॉर्स रेजिमेंटकडे सेंच्युरियनच होते. १९६५ ला फिलोऱ्याच्या लढाईत कर्नल तारापोर याच रणगाड्यात होते आणि १९७१ ला बसंतरला अरुण खेत्रपालांचा 'फामागुस्ता' हाही सेंच्युरियन. ब्रिटिश हिरव्यापेक्षा त्या रंगात आणि त्या खुणांसह तो मराठी घरात जास्त शोभेल.

---

खेळगडी

रंगारी, तुमचा हात चांगला आहे, मी तुमचे रणगाडे पाहिलेत. म्हणूनच सांगतो, हा रणगाडा सोडा.

या छंदात किंमत असते ती कारखान्यातून निघालेल्या रंगाला. धातू कुठेही मिळेल. टवके उडालेला, पण १९५४ चा रंग अंगावर असलेला रणगाडा आणि लखलखीत नवा रंग दिलेला रणगाडा शेजारी ठेवा, संग्राहक डोळे झाकून पहिला उचलेल. एकदा रंग उतरवला की तो परत येत नाही. दुसऱ्या कुणी रंगवलेल्या अशा गाड्यांना बाहेर 'कोड थ्री' म्हणतात. आवड म्हणून त्या करायला काहीच हरकत नाही, पण लिलावात त्यांना कुणी विचारत नाही.

फामागुस्ता करायचाच असेल तर पट्टे, नळी, बुरुज सगळंच गेलेला भंगार सेंच्युरियन मिळवा आणि त्यावर हात चालवा. किंवा एएफव्ही क्लब कंपनीचा १:३५ चा, सुटे भाग जोडायचा प्लास्टिकचा किट घ्या. तुम्हाला हवा तो प्रत्येक बारीक तपशील त्यात मिळेल, डिंकीत मिळणार नाही.

रंग मूळचा की नंतरचा, हे ओळखायला एक सोपी जागा आहे. गाडी उलटी करा आणि तळाचा पत्रा ज्या रिव्हेटांनी धरलाय त्यांच्याकडे भिंगातून पहा. कारखान्यात अंग आधी रंगवायचे आणि रिव्हेट नंतर ठोकायचे, त्यामुळे रिव्हेटचं डोकं उघड्या धातूचं दिसतं. त्यावर रंग चढलेला दिसला, किंवा रिव्हेटच्या जागी स्क्रू दिसला, की समजायचं गाडी कुणीतरी उघडली आहे. दुसरी जागा चाकांचे आस. जोडणी झाल्यावर रंगवलेल्या गाडीत आसाच्या टोकाला हमखास रंगाचा डाग सापडतो.

---

रंगारी

रिव्हेटचं पटलं. बाकी वाद ठेवूनच देतो. उद्या कुणी आजोबांच्या फोटोवरची बुरशी पुसायला निघालं तर तुम्ही त्यालाही अडवाल. :)

---

लेस्टरकर

उशिरा येतोय. इथे इंग्लंडात रात्र असते तेव्हा तुमचे वाद रंगतात.

मीनलताई, पिवळ्या अंगरख्याचे आणि फेट्याचे स्वार म्हणजे जवळजवळ नक्कीच ब्रिटन्स या इंग्लिश खेळणी-कंपनीचे स्किनर्स हॉर्स (ब्रिटिशांच्या हिंदुस्थानी घोडदळाची एक रेजिमेंट). ४७ नंबरचा संच. घोडा उलटा करून पोटाखाली पहा, तिथे उठावाची अक्षरं असतील. जुन्या नगांवर विल्यम ब्रिटनचं नाव, कॉपीराइट आणि कधीकधी तारीखही असते. नंतरच्यांवर 'ब्रिटन्स लिमिटेड' आणि 'मेड इन इंग्लंड'. घोडेस्वारांच्या खोक्यात सहसा पाच नग यायचे, पायदळाच्या खोक्यात आठ. तुमच्याकडे चार आहेत, म्हणजे ट्रंकेच्या तळाशी पाचवा असू शकतो. पेपरचा प्रत्येक बोळा उलगडून पहा, आणि फेकण्यापूर्वी पेपरावरची तारीख टिपून ठेवा.

हे शिपाई आतून पोकळ असतात. विल्यम ब्रिटन धाकटे यांनी १८९३ मध्ये ही युक्ती बसवली. साच्यात वितळलेलं शिसं-अँटिमनी ओतायचं, साच्याला लागून पातळ साय धरली की साचा उलटा करून उरलेलं परत ओतून घ्यायचं. शिसं कमी लागतं, वजन कमी, किंमत कमी. जर्मन कारखानदार तोवर भरीव शिपाई विकत होते, त्यांचा बाजार याने हलवला. उंची ५४ मिलिमीटर धरली आणि पुढे ती सगळ्या जगाची मोजपट्टी होऊन बसली. शिशाचे शिपाई करणं ब्रिटन्सने १९६६ मध्ये बंद केलं, त्यानंतरचे प्लास्टिकचे.

पोकळ म्हणजे नाजूक. मान हा सगळ्यात कच्चा भाग. डुगडुगणारं मुंडकं हळूच, न ओढता, उचलून बघा. आत आगकाडी दिसली तर दचकू नका. मानेच्या पोकळीत आगकाडीचा तुकडा खुपसून मुंडकं बसवणं ही जुनी घरगुती शस्त्रक्रिया, इथल्या पोरांचे बाप रविवारी हेच करत बसायचे. संग्राहक त्याला दुरुस्तीच म्हणतात आणि किंमत कमी करतात, पण मूळ मुंडकं मूळ धडावर आहे ही जमेची बाजू. मुंडकं बदललेलं असेल तर गळपट्टीवरचा रंग आणि मानेवरचा रंग जुळत नाही.

हात सुटे मिळतात, नवे ओतलेले. घाईने विकत घेऊ नका. तुमच्या नगाच्या काळात त्याच्या हातात काय होतं हे आधी पक्कं करावं लागतं, कारण एकच संच वर्षानुवर्षं बदलत बदलत निघाला. चुकीच्या हातापेक्षा हात नसलेला स्वार बरा.

आता भुकटी. हा शिशाचा रोग आहे. लाकूड, विशेषतः ओक, आणि प्लायवुड-एमडीएफचा गोंद यांतून आम्लाची वाफ सुटत राहते. बंद कपाटात ती शिशाला लागली की पांढरं कार्बोनेट धरतं आणि हळूहळू धातू खात जातं. ही भुकटी विषारी आहे. फुंकर मारू नका, कोरड्या ब्रशने उडवू नका. हातमोजे घाला, काम झालं की साबणाने हात धुवा, घरात लहान मूल असेल तर डबा त्याच्या हाती लागणार नाही असा ठेवा. लिंबू, चिंच, व्हिनेगर हे सगळं आम्लच आहे, म्हणजे रोग्याला रोगच पाजल्यासारखं. आईंना माझा नमस्कार सांगून हे सांगा.

जाता जाता : ब्रिटन्सच्या जुन्या यादीत ६८ नंबरला 'सेकंड बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री' असा पायदळाचा संच होता. मुंबई इलाख्याची पलटण लंडनच्या खेळण्यांच्या दुकानात! माझ्या कपाटात अजून तिची जागा रिकामी आहे. कुणाच्या माळ्यावर सापडली तर मला आधी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

साधा_सरळ

वाचतोय. एक भाबडा प्रश्न : पन्नाशीच्या माणसांनी युद्धाची खेळणी भिंगातून बघत बसण्यात नेमका आनंद काय आहे? त्यापेक्षा झाडं लावा.

---

खेळगडी

झाडंही लावतो. कुंड्यांच्या मधे एक रणगाडा ठेवलाय.

---

देवळालीचा_गनर

या धाग्यावर यावंच लागलं. पंचवीस पौंडी तोफेवर मी देवळालीला शिकलो, स्कूल ऑफ आर्टिलरीत. खेळणं म्हणून तुम्ही काहीही म्हणा, माझ्यासाठी ती तोफच.

मीनलताईंनी क्रम अगदी बरोबर लिहिलाय : पुढे ट्रॅक्टर, मधे पेटी, मागे तोफ. त्या पेटीला आम्ही लिंबर म्हणतो. तिच्यात बत्तीस गोळे बसायचे. तोफेवर सहा जण, प्रत्येकाचं काम नेमलेलं. नळीचा व्यास ८७.६ मिलिमीटर आणि मारा बारा किलोमीटरच्या पुढे. तोफेच्या पोटाखाली एक मोठी गोल चकती असते. तोफ लावताना ती जमिनीवर टाकायची आणि चाकं तिच्यावर चढवायची, मग दोन माणसं शेपूट उचलून तोफ हवी त्या दिशेला गर्रकन फिरवू शकतात. रणगाडे बाजूने आले तर याच चकतीमुळे जीव वाचतो. छोटी तोफ पारखताना मी पहिली ती चकती शोधतो. साध्या खेळण्यांत ती सहसा गाळलेली असते, चांगल्या किटमध्ये असते.

तोफेबरोबरच्या माणसांचंही तेच. रंगकाम कितीही सुरेख असो, नेम धरणारा गडी उजवीकडे बसलेला दिसला की माझ्यासाठी तो संच बाद. पंचवीस पौंडीवर त्याची जागा डावीकडे. गोळा भरणाऱ्याचे हात कसे असावेत, नंबर वन, म्हणजे तोफेचा प्रमुख, कुठे उभा असावा, हे ज्याने बघून घडवलंय त्याचा शिपाई एक नजरेत ओळखू येतो. तुम्ही लोक रंग, खोका, रिव्हेट बघता. हेही बघत जा.

आणि ज्यांना गाड्यांची मापं ताडून बघायची हौस आहे त्यांनी नगरचं, म्हणजे आता अहिल्यानगरचं, रणगाडा संग्रहालय चुकवू नये. १९९४ पासून आहे. सेंच्युरियन, विजयंता, एएमएक्स-१३, पीटी-७६, पाकिस्तानचा पॅटन, पार रोल्स रॉइसच्या चिलखती मोटारीपर्यंत सगळं उघड्यावर मांडलंय. भोवती फिरून बघता येतं.

---

लेस्टरकर

गनरसाहेब, हा प्रतिसाद काढून भिंतीवर लावतो. आम्ही तीस-तीस वर्षं शिपाई जमवतो आणि नेम धरणारा कुठल्या बाजूला बसतो हे बघत नाही. आज रात्री कपाट उघडून तपासणी होणार, बरेच जण कोर्ट मार्शल होतील.

---

किल्लेदार

थोडं अवांतर. लष्करी छोट्या मूर्तींचा आपला स्वतःचा, घराघरांतला प्रकार कुणाला आठवला नाही? दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे! कुंभाराकडून आणलेले मातीचे, मग प्लास्टरचे : तोफेजवळचा गोलंदाज, तुतारीवाला, भालदार, आणि सगळ्यात वर सिंहासनावर महाराज. प्रमाणाचा तर आनंदच. महाराज बुरुजाहून उंच आणि पायथ्याच्या शेतात प्लास्टिकचा रणगाडा.

माझ्याकडे आजीच्या वेळचे काही मातीचे मावळे आहेत. नाक झिजलंय, रंग अर्धा गेलाय. यांचं मूल्यमापन कसं करायचं? तळाला ना शिक्का ना नंबर.

---

खेळगडी

अवांतर कसलं, विषय हाच आहे. यांचा बाजार नाही म्हणून किंमत नाही, पण तळाला शिक्का-नंबर नाही या तुम्ही सांगितलेल्या कारणानेच पुढे पंचाईत होणार. दर दिवाळीला नवे आणायचे, किल्ला मोडला की बरेचसे मातीतच जायचे. जुने उरलेत ते अपघाताने. शिक्का नसला तरी पाठीमागची साच्याची शिवण, माती भाजलेली की कच्ची, रंग पाण्यात सुटणारा की ऑइल पेंट, एवढं टिपून ठेवा. कुठल्या गावच्या कुंभाराचे, कुठल्या वर्षीच्या दिवाळीचे, हे आजीला विचारून चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी डब्यात टाका. डिंकीची माहिती छापलेल्या याद्यांतून मिळते. यांची फक्त आजीकडून मिळेल.

---

रत्नांग्रीवाला

साठवणीबद्दल आमच्याकडून ऐका, कोकणातल्या पावसाळ्यात जे टिकतं ते कुठेही टिकतं.

लेस्टरकरांनी लाकडाचं सांगितलं ते शंभर टक्के. सगळ्यात उत्तम जागा म्हणजे घरातलं जुनं लोखंडी गोदरेजचं कपाट. लाकूड नाही, प्लाय नाही. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि निळ्या खड्यांचा रंग गुलाबी झाला की तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करा. फक्त तो तवा नंतर पोळ्यांना वापरू नका.

डांबरगोळ्या मात्र नकोत. कपड्यांच्या सवयीने लोक टाकतात. त्यांची वाफ प्लास्टिकला मऊ पाडते, किटचे रणगाडे आणि गाड्यांच्या प्लास्टिकच्या खिडक्या चिकट होतात.

ज्यांच्याकडे जर्मन एलास्टोलिन किंवा लिनिओलचे शिपाई असतील त्यांनी तर दुप्पट जपावं. ते शिशाचे नव्हेतच, लाकडाचा भुसा आणि सरस तारेच्या सांगाड्यावर थापून केलेले असतात. दमट हवेत भुसा फुगतो, आतली तार गंजते आणि पोटरीला भेग जाते. माझ्या डोळ्यांदेखत एका पावसाळ्यात एकाची पोटरी उकलली.

किटवाल्यांसाठी : मऊ व्हिनाइलचे पट्टे रणगाड्याच्या प्लास्टिकच्या चाकांना लावून वर्षानुवर्षं ठेवले की पट्ट्यातलं तेलकट द्रव्य बाहेर येऊन चाकं विरघळवतं. मधे रंगाचा चांगला थर असू द्या.

---

मीनल_ठाणे

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! आईला चिंच-पितांबरीचं सांगितलं. ती म्हणाली, मग तुझ्या मामाने ते आणलंच कशाला.

अपडेट : खोक्यावर ६६० आहे, ६९८ नाही. घोड्यांच्या पोटाखाली 'ब्रिटन्स लिमिटेड' आणि 'मेड इन इंग्लंड' वाचता आलं. मुंडक्यात आगकाडी आहे!! पाचवा घोडेस्वार सापडला, पेपराच्या बोळ्यात, दोन्ही हातांसकट. जग्वारचा फोटो टाकलाय. तळाला एका ठिकाणी जुनं नाव खरडून काढल्यासारखं दिसतं.

आता किंमत सांगा. भाऊ रोज विचारतो.

---

खेळगडी

जग्वार निकी टॉईजची. अंदाज बरोबर निघाला. डिंकीची निर्माती, लिव्हरपूलची मेकॅनो कंपनी, १९६४ मध्ये लाइन्स ब्रदर्सने घेतली. पुढे डिंकीचे काही जुने साचे भारतात आले आणि साठच्या दशकाच्या अखेरीपासून कोलकात्यात त्यांतून निकी नावाने गाड्या निघू लागल्या. साचा तोच, रंग जाडसर, आणि काही नगांवर मूळ नाव असं घाईघाईने मिटवलेलं. आपल्याकडे पोरांनी त्या खेळून खेळून संपवल्या. बाहेरच्या डिंकीवाल्यांना म्हणूनच त्यांचं फार अप्रूप. लष्करी नाही, पण मामांच्या नजरेला दाद द्या : लिव्हरपूलची गाडी लिव्हरपूलहून आणली आणि तिची कोलकात्याची बहीणही जपून ठेवली.

किंमतीबद्दल. नेटवर कुणी चाळीस हजार *लावले* म्हणजे चाळीस हजारांना *गेला* असं नाही. लावायला पैसे पडत नाहीत. विकून झालेल्या व्यवहारांचे आकडे बघायचे, आणि तेही तुमच्याच अवस्थेतल्या नगाचे. इंग्लंडात व्हेक्टिससारखी फक्त खेळण्यांचे लिलाव करणारी घरं आहेत, त्यांचे झालेले भाव बघता येतात. तिथला आकडा पाहून हुरळायचं नाही. विकणाऱ्याच्या हातात पडतं ते लिलावघराचा वाटा वजा होऊन. घेणाऱ्यालाही बोलीच्या वर बरंच भरावं लागतं.

तुमच्या ट्रंकेचा माझा क्रम असा. वरती घोडेस्वार, कारण पाच पूर्ण झाले. त्यानंतर खोक्यासकट ६६०. मग निकी. ६९७ संच आणि सेंच्युरियन सगळ्यात खाली, कारण निघाले भरपूर आणि तुमच्याकडे त्यांचे खोके नाहीत. खोका नसला की डिंकीचा भाव निम्म्याच्याही खाली येतो, हे नवख्यांना पटत नाही. पोरं गाडी ठेवायची आणि खोका फाडायची, म्हणून पुठ्ठ्याला धातूपेक्षा जास्त भाव. त्यामुळे तुमची फाटकी झडप सेलोटेपने चिकटवू नका. टेप काही वर्षांत पिवळी पडते आणि सोलताना छपाई घेऊन येते.

---

लेस्टरकर

खोक्यांवरून आठवलं, नकली खोके बेसुमार आहेत आणि चांगलेच आहेत. काळोख करून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारा. हल्लीच्या कागदात पांढरेपणासाठी जे रसायन घालतात ते निळसर चमकतं, चाळीसच्या दशकातला पुठ्ठा निपचित राहतो. पन्नासच्या दशकाच्या अखेरच्या खोक्यांना मात्र एवढ्या चाचणीवर नापास करू नका, तोवर ते रसायन छपाईच्या कागदात येऊ लागलं होतं. तिथे छपाईचे ठिपके, पुठ्ठ्याची कड आणि पिना बघायच्या. नव्या खोक्याची कड आतून पांढरीफेक असते.

आणि युद्धापूर्वीची डिंकी कुणी स्वस्तात देत असेल तर जरा थांबा. त्या काळच्या जस्तात शिशाची भेसळ राहिली की धातूला आतून कीड लागते : आधी केसाएवढी चीर, मग अंग फुगतं, मग हातात तुकडे येतात. त्यावर औषध नाही. उष्ण दमट हवेत ती आणखी वेगाने पसरते. युद्धापूर्वीच्या गाडीची चाकं सपाट, आस बारीक. युद्धानंतर चाकाच्या तबकडीवर कडा आली आणि आस जाड झाले. यावरून काळ ओळखता येतो.

---

नवशिक्या_न्यूजर्सी

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). मी इकडून भारतात भाच्याला एक ब्रिटन्सचा संच पाठवायचा म्हणतोय. काही अडचण?

---

खेळगडी

पोस्टाने नको. २०२१ पासून आयात खेळण्यांना आयएसआय मार्क लागतो आणि मूळ सीमाशुल्क २०२३ मध्ये ७० टक्के झालं. सत्तर वर्षांच्या शिपायाला आयएसआय मार्क कुठून आणणार? माझं एक पार्सल असंच अडकलं, शेवटी परत गेलं. कुणी येणार असेल तर त्याच्या सामानातून पाठवा, नियम बघून.

उलट दिशेलाही एक गोष्ट लक्षात ठेवा. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू भारताबाहेर न्यायची तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येतो. पहिल्या महायुद्धाच्या आधीचे शिपाई लंडनच्या लिलावाला पाठवायच्या आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करा.

---

रंगारी

मीनलताई, सेंच्युरियन खालच्या क्रमांकाचा आहे हे खेळगडींनीच कबूल केलंय. म्हणजे माझा फामागुस्ता...

---

मीनल_ठाणे

रंगारी, नाही. :) भावाला क्रम दाखवला. त्याचं म्हणणं, मग घोडेस्वार विकू. मी म्हटलं, त्यांना तू हात लावून बघ. घोडेस्वार गोदरेजमध्ये गेलेत, सिलिका जेलसकट. रणगाडा मात्र बाहेर ठेवायचा आहे, मुलाला रोज बघायचा असतो. त्याचे पट्टे नवे मिळतात का? आणि कडक झालेला पट्टा गरम पाण्यात टाकून मऊ होईल का?

---

खेळगडी

गरम पाण्याने उपयोग नाही. रबर म्हातारं झालं की परत तरुण होत नाही, वाकवलंत की तुटेल. सेंच्युरियनचे नवे पट्टे इंग्लंडात सुटे भाग करणारे सहज विकतात, लेस्टरकर कुणाबरोबर तरी पाठवतील. ते बसवणं दुरुस्तीत धरत नाहीत, कारण रंगाला धक्का लागत नाही आणि केव्हाही काढता येतात. फक्त विकायची वेळ आली तर 'पट्टे नवे' हे आधी सांगायचं. जुना पट्टा आणि तुटलेले तुकडे फेकू नका, छोट्या पाकिटात घालून ६६० च्या खोक्याशेजारी ठेवा.

मुलगा किती वर्षांचा? खूप लहान असेल तर रंगात शिसं असण्याची शक्यता धरा. बघायला काचेमागे, खेळायला दुसरा.

---

लेस्टरकर

पट्टे पाठवतो. पुढच्या महिन्यात बायको ठाण्यालाच येतेय. व्यनि करा.